गावाची लोकसंख्या आणि जनगणनेचे आकडे: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, एमपीएससीची पोरं, कॉलेजचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुली आणि "आमच्या गावात नक्की माणसं किती" यावरून पारावर भांडणारे दोन गट, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. सगळं महाराष्ट्रातल्या लहान गावांना धरून आहे. जिथं गावाचं नाव नाही तिथले आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेत, ते खऱ्या गावाचे नाहीत.

१. आमच्या गावाची अधिकृत लोकसंख्या कुठं बघायची?

सेन्सस इंडियाच्या सरकारी साइटवर तुमच्या जिल्ह्याची जिल्हा जनगणना पुस्तिका शोधा, २०११ ची. तिचे दोन भाग आहेत. 'अ' भागात गावातल्या सोयी, म्हणजे शाळा, दवाखाना, एसटी बस, पाणी, गावाचं क्षेत्रफळ हेक्टरमध्ये. 'ब' भागात प्राथमिक जनगणना गोषवारा, ज्याला सगळे पीसीए म्हणतात, त्यात प्रत्येक गावाची एक ओळ असते आणि लोकांना हवं असतं ते बहुतेक त्या एका ओळीतच असतं: कुटुंबं किती, एकूण माणसं, ० ते ६ वयाची मुलं, एससी (अनुसूचित जाती), एसटी (अनुसूचित जमाती), साक्षर, निरक्षर, काम करणारे, न करणारे, आणि सगळं पुरुष-स्त्री वेगळं. एक्सेलमध्येही मिळतं, मोबाइलवर उघडायचा प्रयत्न करू नका, डोळे जातात.

'अ' भागात एखादी सोय गावात नसेल तर ती किती लांब हे अक्षरानं दिलेलं असतं, ए म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, बी म्हणजे ५ ते १०, सी म्हणजे १० च्या पुढं. बऱ्याच जणांना वाटतं ही दवाखान्याची ग्रेड आहे, तसं काही नाही.

२. २०११ म्हणजे लई जुनं झालं. गुगलवर तर आमच्या गावाची २०२५ ची लोकसंख्या दिसते, ती घेऊ का?

नका घेऊ. २०२१ ची जनगणना कोरोनामुळं झालीच नाही, त्यामुळं २०११ नंतर गावपातळीवर कुणी घरोघरी जाऊन मोजलेला जनगणनेचा आकडाच अस्तित्वात नाही. वेबसाइटवाले २०११ चा आकडा घेतात, त्याला काहीतरी टक्का लावतात आणि वर २०२५ लिहितात. अख्ख्या राज्याचा असा अंदाज एक वेळ चालून जाईल, पण सातआठशे माणसांच्या गावात दहा घरं पुण्याला गेली की सगळा टक्का झोपतो.

पुढची जनगणना २०२७ ची. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्याआधी २०२६ मध्ये एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान घरयादीचा टप्पा, प्रत्येक राज्याला त्यातले ३० दिवस. यावेळी मोजणी मोबाइलवर आहे आणि स्वतःची माहिती स्वतः भरायची सोयही आहे. तोपर्यंत कुठंही आकडा लिहाल तर शेजारी "२०११" लिहा, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

३. आमची वाडी चांगली दीडशे घरांची आहे, पण यादीत नावच नाही. असं कसं?

जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव, ज्याची हद्द तलाठ्याच्या नकाशात आहे ते. वाडी, वस्ती, तांडा, पाडा हे सगळे त्या महसुली गावाच्या पोटात मोजले जातात. तुमची वाडी गावठाणापासून चार किलोमीटर लांब असू दे, शाळा वेगळी असू दे, देव वेगळा असू दे, महसुली दर्जा मिळाला नसेल तर तिची ओळ वेगळी येत नाही.

उलटा प्रकारही आहे. महाराष्ट्रात महसुली गावं ४३ हजारांच्या वर, ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोन-तीन गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत. पंचायतीच्या बोर्डावरची लोकसंख्या आणि जनगणनेतली जुळत नाही याचं निम्म्या वेळा हेच कारण निघतं, बोर्डावर गटाची बेरीज असते आणि पुस्तिकेत एकेका गावाची ओळ.

वाडीचा वेगळा आकडा हवाच असेल तर प्रश्न १८ बघा.

४. गावाचं नाव टाकलं तर एक तर सापडत नाही, नाही तर तीन तीन सापडतात.

सापडत नसेल तर आधी जिल्हा तपासा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळं २०११ मध्ये जव्हार, मोखाडा, डहाणू सगळं ठाण्यात. अहिल्यानगर शोधायचं तर अहमदनगर, छत्रपती संभाजीनगरसाठी औरंगाबाद, धाराशिवसाठी उस्मानाबाद टाकावं लागतं. शिवाय २०११ च्या जनगणनेत ३१ डिसेंबर २००९ ची हद्द धरलेली आहे, त्यानंतर वेगळं झालेलं गाव तिथं जुन्या गावातच बसलेलं असतं. २०२७ साठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ आहे.

तीन सापडत असतील तर बुद्रुक, खुर्द बघा, इंग्रजी यादीत ते 'बीके' आणि 'केएच' असं तोडून लिहिलेलं असतं. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असली की सहा आकडी गाव कोडवर जा, नावावर विश्वास ठेवू नका. पिंपळगाव आणि पिंपरी शोधणाऱ्यांना माझी सहानुभूती आहे.

५. काही गावांपुढं लोकसंख्या शून्य आहे. डेटा गहाळ झालाय का?

नाही, ती खरंच निर्मनुष्य गावं आहेत. महसूल दप्तरी त्यांना बेचिराख गाव म्हणतात, विदर्भात नावापुढं 'रिठी' लागलेलं दिसेल. कुठं पूर्वी प्लेग-दुष्काळात गाव उठलं, कुठं धरणाच्या पाण्यात गेलं, कुठं लोक सोयीसाठी रस्त्याच्या कडेला शेजारच्या हद्दीत जाऊन राहिले, पण जमिनीचे गट, सातबारे जुन्याच नावानं चालू आहेत म्हणून गाव कागदावर जिवंत. राज्यात २०११ ला अशी अडीच हजारांहून जास्त गावं होती.

६. पोरगं पुण्याला कंपनीत, सून पण तिकडंच, पण रेशनकार्डावर नाव इथं. ते कुठं मोजले?

पुण्यात. जनगणना रेशनकार्ड, आधार, मतदार यादी काही बघत नाही, ती माणूस बघते. २०११ ला मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली आणि १ मार्चच्या ०० वाजताचा क्षण संदर्भ धरला. नियम साधारण असा की माणूस नेहमी इथं राहतो आणि त्या वीस दिवसांत पूर्ण किंवा थोडे तरी दिवस इथं होता तर इथं मोजायचा. पूर्ण वीस दिवस बाहेर असेल तर तो जिथं होता तिथं मोजला जातो. १ ते ५ मार्चला परत एक फेरी होते, त्यात मधल्या काळात जन्मलेलं बाळ वाढवायचं, वारलेला माणूस कमी करायचा. ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री.

यात्रेला, लग्नाला चार दिवस आलेले पाहुणे धरले जात नाहीत.

७. आमचं ऊसतोड कामगारांचं गाव. फेब्रुवारीत मोजणी केली तर गावात माणूस तरी असतो का?

हाच प्रश्न बीड, पाथर्डी, जामखेड पट्ट्यातून सगळ्यात जास्त येतो आणि यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रक-ट्रॅक्टर भरून नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयताच म्हणतात) सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नाही तर कर्नाटकात जातो. आणि जनगणनेचे वीस दिवस बरोबर फेब्रुवारीत. म्हणजे प्रश्न ६ मधला नियम लावला की हे अख्खं कुटुंब कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मोजलं जातं, गावात नाही. गावाच्या ओळीत उरतात म्हातारी माणसं, त्यांच्याकडं ठेवलेली नातवंडं, दुकानदार, मास्तर, आणि ज्यांना पोटापुरती शेती आहे ते.

आता याचा परिणाम फक्त एकूण आकड्यावर होत नाही. जे गेले ते सगळे कमवत्या वयाचे, त्यामुळं गावात काम करणाऱ्यांचा टक्का उतरतो. त्यांच्यातले बरेच जण कमी शिकलेले, त्यामुळं साक्षरतेचा टक्का उगाच चढलेला दिसू शकतो. छोटी मुलं कोपीवर आईबरोबर गेली तर ० ते ६ चा आकडा खाली. तिकडं कारखान्याच्या गावात सगळं उलटं, एकदम लोकसंख्या फुगलेली आणि शेतमजूर पण फुगलेले. दोन्ही आकडे नियमानं बरोबरच आहेत, पण जुलैमधलं गाव त्यातून दिसत नाही, आणि रस्ता, पाणी, अंगणवाडी जुलैमधल्या माणसांनाही लागतंच की.

एक बारीक भानगड अजून. एससी-एसटीची नोंद ज्या राज्यात मोजणी झाली त्या राज्याच्या यादीप्रमाणं होते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत आहे, म्हणजे जनगणनेच्या एससी-एसटी रकान्यात नाही, पण कर्नाटकात एससीच्या यादीत आहे आणि तेलंगणात एसटीच्या. म्हणजे तेच कुटुंब बेळगावकडं तोडीला असताना मोजलं गेलं तर रकाना बदलतो. तांड्याच्या आकड्यांवर काही लिहिणार असाल तर हे डोक्यात ठेवा.

८. कोकणात गावाची लोकसंख्या कमी होतेय हे खरं का? आणि बायका जास्त कशा?

खरं आहे, आणि ते फक्त एखाद्या गावाचं नाही. रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६,९६,७७७ होता तो २०११ ला १६,१५,०६९ वर आला. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. त्याच दहा वर्षांत राज्य जवळपास १६ टक्क्यांनी वाढलं.

बायका जास्त म्हणजे रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागं ११२२ स्त्रिया, मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चाकरमानी कुठून निघाला आणि कुठं मोजला गेला ते वेगळं सांगायला नको. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरतं ते जनगणनेत येत नाही. म्हणून "आमच्या गावात स्त्री-पुरुष प्रमाण लई भारी" असं भाषणात ठोकायच्या आधी ० ते ६ चं प्रमाण वेगळं काढून बघा, मुलींना खरंच जन्माला येऊ देतात का ते त्यातून कळतं, एकूण प्रमाणातून कळत नाही.

९. आमच्या गावात मुलींचं प्रमाण ८७५ आलं आणि पेपरात नाव खराब झालं. एवढं वाईट आहे का?

गाव किती मोठं त्यावर आहे. समजा ० ते ६ ची एकूण ६० मुलं, ३२ मुलगे आणि २८ मुली. २८ भागिले ३२ गुणिले १०००, आले ८७५. आता दोन मुलींचा जन्म जास्त आणि दोन मुलग्यांचा कमी झाला असता तर ३०-३०, म्हणजे थेट १०००. चार घरांत काय जन्मलं यावर गावाची इज्जत ठरवायची तर कठीण आहे. लहान गावाचं बालकांचं प्रमाण एकट्यानं वाचूच नये, आजूबाजूची दहा-पंधरा गावं मिळून नाही तर तालुक्याचं बघावं.

पण यामागं लपूही नका. बीड जिल्ह्यात ० ते ६ चं प्रमाण २००१ ला ८९४ होतं ते २०११ ला ८०७ झालं, राज्यात सगळ्यात कमी. जिल्ह्याच्या आकड्यात लाखो मुलं असतात, तिथं योगायोग नावाची पळवाट नसते. तिथं सोनोग्राफी सेंटरकडंच बघावं लागतं.

१०. कुटुंब आणि घर यात फरक काय? आमच्याकडं एका वाड्यात तीन भाऊ राहतात.

चूल बघायची. एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं खातात ते एक कुटुंब. तीन भावांच्या तीन चुली तर तीन कुटुंबं, वाडा एकच असला तरी. सातबारा सामाईक आहे की वाटणी झालीय याच्याशी संबंध नाही. पीसीएमध्ये जो आकडा असतो तो कुटुंबांचा, कुलूप लावलेली घरं त्यात येत नाहीत, त्यामुळं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मिळकती जास्त आणि जनगणनेत कुटुंबं कमी हे अगदी नॉर्मल आहे, कोकणात तर जास्तच.

११. छोट्याशा गावात एकदम मुलांची संख्या जास्त, एसटी पण जास्त, मुलगेच मुलगे. चूक असेल ना?

गावाच्या हद्दीत आश्रमशाळा किंवा निवासी शाळा आहे का बघा. वसतिगृह, आश्रम, जेल अशा ठिकाणी राहणारी माणसं संस्थात्मक कुटुंब म्हणून त्याच गावात मोजली जातात. चारशे वस्तीच्या गावात तीनशे मुलांची आश्रमशाळा आली की त्या गावाचा प्रत्येक टक्का बिघडतो, आणि गावकऱ्यांना पत्ताच नसतो.

१२. साक्षरतेचा टक्का काढला तर आमचा सरकारी टक्क्यापेक्षा कमी येतो. चुकतंय काय?

तुम्ही एकूण लोकसंख्येनं भागताय. साक्षरता ७ वर्षं आणि त्यापुढच्या माणसांचीच काढतात, म्हणून ० ते ६ ची मुलं आधी वजा करायची. समजा १२०० माणसं, त्यात ० ते ६ ची १५०, साक्षर ७३५. मग ७३५ भागिले १०५०, म्हणजे ७० टक्के. तुम्ही १२०० नं भागलंत म्हणून ६१ आले.

आणि यातला खरा सापळा पुढं आहे. पीसीएमध्ये जो 'निरक्षर' रकाना आहे तो म्हणजे एकूण माणसं वजा साक्षर, बस. त्यात मांडीवरचं बाळ पण निरक्षर म्हणून बसलेलं असतं. तो आकडा जसाच्या तसा उचलून "गावात इतके अडाणी" असं कृपया कुठं छापू नका.

साक्षर म्हणजे कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारा. नुसती सही येते, अंगठ्यावरून सहीवर आली, तेवढ्यानं आजी साक्षर धरली जात नाही. शाळेत गेलंच पाहिजे अशी पण अट नाही.

१३. गावातल्या निम्म्या बायका 'काम न करणाऱ्या' दाखवल्यात. खुरपायला कोण जातं मग?

बरोबर राग आहे. नियम बघितला तर तो तसा वाईट नाही: घरच्या शेतात बिनपगारी राबणं हे काम आहे, अर्धवेळ हातभार पण काम आहे, आणि घरी खायला म्हणून शेती किंवा घरच्या दुधासाठी म्हैस सांभाळणं हेसुद्धा कामात धरायचं असं लिहिलेलं आहे. फक्त स्वयंपाक, धुणंभांडी, मुलं सांभाळणं धरत नाहीत. पण प्रगणक, म्हणजे मोजणीला येणारा माणूस, दारात येतो, ओट्यावर बसलेला बाप्या माणूस म्हणतो "ती घरीच असते", आणि लिहिलं जातं घरीच. दुपारी ती बाई नेमकी शेतात असते हा त्यातला विनोद. २०२७ ला बायकांनी आपली माहिती स्वतः सांगावी, एवढं तरी गावात सांगून ठेवा.

वर्षात ६ महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारे, त्यापेक्षा कमी तर सीमांतिक. कोरडवाहू गावात पावसाळ्यावर पोट असलेले बरेच जण सीमांतिकमध्ये जातात.

१४. 'शेतकरी' रकान्यात सातबारावाले सगळे येतात का?

नाही. स्वतः कसतो किंवा कसण्यावर देखरेख करतो तो शेतकरी, जमीन स्वतःची असो, खंडानं घेतलेली असो की वाट्यानं. त्यामुळं बटईनं करणारा भूमिहीन माणूस शेतकरी धरला जातो आणि जमीन वाट्यानं देऊन तालुक्याला बसलेला, बांधावरही न फिरकणारा मालक शेतकरी धरला जात नाही. पीएम किसानच्या लाभार्थींची यादी आणि हा आकडा कधीच जुळणार नाही, जुळवायला बसू नका.

१५. गावात कुठल्या जातीची किती घरं, किती हिंदू, किती मुस्लिम, बौद्ध, हे कुठं मिळेल?

जातवार २०११ च्या जनगणनेत नाहीच. फक्त एससी आणि एसटी अशा दोन बेरजा आहेत, त्यातली कुठली जात किती हे गावपातळीवर दिलेलं नाही. ओबीसी, भटके-विमुक्त, मराठा कुणाचाच आकडा नाही, त्यामुळं "जनगणनेनुसार आमची इतकी घरं" असं कुणी म्हणालं तर ते मनचं आहे. सगळ्या जातींची मोजणी शेवटची १९३१ ला झाली होती, आणि आता २०२७ मध्ये पुन्हा होणार आहे.

धर्माची आकडेवारी २०११ ला तालुका आणि शहरापर्यंत दिली आहे, गावाची नाही. मातृभाषेचंही तसंच, गावाच्या ओळीत नाही.

बौद्धांबद्दल बरेच जण विचारतात. १९९० पासून बौद्धांनाही एससीमध्ये धरता येतं (शीख १९५६ पासून), पण प्रगणकाला जातीचं नाव यादीतलं सांगावं लागतं. धर्म बौद्ध सांगितला आणि जात सांगितलीच नाही तर एससीच्या रकान्यात नोंद होत नाही. म्हणून काही गावांत बौद्धवस्ती डोळ्यासमोर दिसते आणि एससीचा आकडा मात्र थोडका. एसटीला धर्माची अट नाही.

१६. लोकसंख्या १४०० आणि मतदार १३५०? मग पोरं कुठं गेली?

मतदार यादीत मुंबई-पुण्याला राहणारे, लग्न होऊन गेलेल्या मुली, कधीकधी वारलेले पण असतात. जनगणनेत फक्त प्रश्न ६ मधल्या नियमात बसणारे. शिवाय यादी यंदाची आणि लोकसंख्या २०११ ची. दोन वेगळ्या वर्षांच्या दोन वेगळ्या याद्या वजा करून काही सिद्ध होत नाही, निवडणुकीच्या तोंडावर तर हे गणित घेऊन कुणाशी वाद घालूच नका.

१७. गावाच्या आकड्यावर नेमकं काय काय अवलंबून असतं?

ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या तर थेट: १५०० पर्यंत ७ सदस्य, ३००० पर्यंत ९, ४५०० पर्यंत ११, ६००० पर्यंत १३, ७५०० पर्यंत १५, त्यापुढं १७. एससी-एसटीच्या राखीव जागा त्या त्या लोकसंख्येच्या प्रमाणात. आरोग्य उपकेंद्राला सपाटीवर ५००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३००० लोकसंख्या हा निकष, प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. अंगणवाडी साधारण ४०० ते ८०० लोकांमागं एक, आशाताई हजारामागं एक. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाटीवर ५०० ची वस्ती, डोंगरी-आदिवासी भागात २५०. पंधराव्या वित्त आयोगानं पंचायतींचा पैसा राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के वजन २०११ च्या लोकसंख्येला दिलं, १० टक्के क्षेत्रफळाला.

आता प्रश्न ७ परत वाचा आणि ज्या गावाचे दोन-तीनशे लोक फेब्रुवारीत कोपीवर होते त्यांचं काय होतं ते बघा. १५०० ची रेघ थोडक्यात हुकली की दोन सदस्य कमी, तेही १५ वर्षांहून जास्त काळ, कारण नवा आकडाच आला नाही.

१८. मग आज गावात खरी माणसं किती हे कसं काढायचं?

अंगणवाडी सेविका आणि आशाताईच्या रजिस्टरला जा. त्या घरोघरी फिरून कुटुंब सर्वेक्षण करतात, कोण गरोदर, कोण बाहेरगावी, कोण माहेरी आलंय सगळं त्यांना तोंडपाठ असतं, आणि वस्ती-वाडीनुसार वेगळं मिळतं. अधिकृत म्हणून छापता येत नाही, पण आराखड्यासाठी यापेक्षा ताजं काही नाही. त्या दोघींचा वेळ घेताना जरा मान ठेवून बोला, आधीच त्यांच्यावर सतरा रजिस्टरं आहेत.

जन्म-मृत्यू नोंदीवरून बेरीज-वजाबाकी करायचा मोह होतो, पण तिथं मेख आहे. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात, त्यामुळं ग्रामसेवकाच्या रजिस्टरला वर्षात दोनच जन्म दिसतात आणि म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू घरी होतात म्हणून ते सगळे दिसतात. नुसतं रजिस्टर बघितलं तर गाव संपत चाललंय असं वाटेल.

१९. गाव वाढलं की घटलं हे कसं काढू?

२०११ वजा २००१, भागिले २००१, गुणिले १००. ११८० चे १०६२ झाले तर उणे १० टक्के. घनता हवी तर लोकसंख्या भागिले हेक्टर गुणिले १००: ८४० हेक्टरात १२६० माणसं म्हणजे चौरस किलोमीटरला १५०. राज्याची २०११ ला ३६५ होती, पण त्यात मुंबई आहे, तुलना तालुक्याशी करा.

काढण्याआधी दोन्ही वर्षी हद्द तीच होती का ते बघा, एखादी वाडी महसुली गाव म्हणून तुटली असेल तर गाव घटल्यासारखं दिसतं आणि प्रत्यक्षात कुणी हललेलं नसतं. क्षेत्रफळाचा रकाना बदलला असेल तर तिथंच संशय घ्या. अजून मागं जायचं तर जुन्या पुस्तिका उपयोगाच्या आहेत, १९११ ते १९२१ मध्ये आकडा खाली दिसला तर दचकू नका, १९१८ च्या इन्फ्लुएन्झात देशाचीच लोकसंख्या त्या दशकात घटली होती.

आणि २०११ नंतर काय झालं हे त्या ओळीला माहीत नसतं. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. पुस्तिकेत माळीणची ओळ अजून आधीचीच आहे आणि वेबसाइटवाले त्यालाच टक्का लावून पुढं वाढवतात.

२०. आमच्या गावाचा आकडा चुकलाय. दुरुस्तीचा अर्ज कुठं करायचा? माहितीच्या अधिकारात घरोघरचे फॉर्म मागता येतील का?

छापून आलेला आकडा अर्ज करून बदलत नाही. फॉर्मही मिळत नाहीत. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ प्रमाणं भरलेल्या नोंदी कुणाला बघायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. म्हणजे वारसाच्या, हद्दीच्या, नागरिकत्वाच्या भांडणात जनगणनेचा फॉर्म कामाचा नाही, आणि तुम्ही प्रगणकाला दिलेली माहिती टॅक्सवाल्यांकडं जाईल ही भीतीही नको.

जे करायचं ते मोजणीच्या वेळी. तहसीलमधून गावासाठी प्रगणक कोण ते विचारा, बहुतेक तुमच्याच शाळेचे मास्तर निघतील, आणि लांबच्या वस्त्या, शेतातली घरं, वीटभट्टी, मेंढपाळांचे वाडे नकाशात आलेत का ते त्यांच्याबरोबर फिरून दाखवा.

२१. आमची आजी आजोबांचं नाव घेत नाही. प्रगणक अडून बसला तर?

त्यांना अडून बसता येत नाही. प्रश्नांची उत्तरं देणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये सूट लिहिलेली आहे की रूढीनं ज्याचं नाव घेत नाहीत, जसं नवऱ्याचं किंवा वारलेल्या नवऱ्याचं, ते सांगायची बाईवर सक्ती नाही, आणि घरातल्या बायकांची नावं सांगायची पुरुषावरही सक्ती नाही. नातवानं सांगितलं तरी चालतं. आजी उखाण्यात घेत असेल तर मास्तरांनी तेवढा वेळ थांबावं.